पदवीनंतरचा पहिला अर्ज

(भौतिकोपचार शाखेच्या नवपदवीधरांसाठी डिलाईल रोड येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



डिलाईल रोड ही गिरणगावातील एक जुनी वाट. तिचे आजचे नाव ना. म. जोशी मार्ग. १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना करून कामगारवस्तीत शिक्षणाचे व वाचनाचे काम उभे करणाऱ्या नारायण मल्हार जोशी यांचे हे स्मरण होय. या परिसरात एके काळी गिरण्यांची धुराडी उभी होती आणि गिरणीत काम मिळविण्यासाठी कागद लागत नसे. जॉबरचा शब्द लागे. कोकणातून अथवा घाटावरून आलेला तरुण गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपुढे उभा राही. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची गर्दी होई आणि कोणाला आत घ्यावयाचे ते जॉबर ठरवी. त्या शब्दामुळे अनेकांची चूल पेटली हे खरे. पण त्या शब्दासाठी कित्येकांना दस्तुरी मोजावी लागे, हेही तितकेच खरे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या कामगारांची नातवंडे आज निरनिराळ्या शाखांच्या पदव्या घेऊन याच रस्त्याने कामाच्या शोधात निघतात. भौतिकोपचार, म्हणजे बोलीभाषेत फिजिओथेरपी, ही त्यांतील एक शाखा. या तरुणांसाठी शब्द टाकणारा जॉबर आता नाही, आणि तो नसावा हेच चांगले. त्यांच्या वतीने बोलणारा एकच साक्षीदार आहे. तो म्हणजे एक-दोन पानांचे परिचयपत्र, ज्याला सर्वजण बायोडाटा म्हणतात. हा साक्षीदार खरे, नेमके आणि पडताळून पाहता येईल असे बोलतो की नाही, हाच आजच्या विषयाचा गाभा होय.

परळपासून झालेली सुरुवात

करी रोडचा पूल ओलांडून लालबागवरून परळला गेले की राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे के. ई. एम., लागते. १९२६ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले आणि १९५२ मध्ये भारतातील पहिली भौतिकोपचार शाळा तेथेच निघाली. डिलाईल रोडच्या दुसऱ्या टोकाला सात रस्त्यावरून महालक्ष्मीकडे वळले की हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आहे. ती १९५५ पासून कार्यरत आहे. म्हणजे या व्यवसायाचा देशातील पाया गिरणगावाच्या दोन बाजूंना, पायी जाता येईल इतक्या अंतरावर घातला गेला.

त्या काळी या उपचारांची मोठी गरज पोलिओने पाय गमावलेल्या बालकांना होती. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. परंतु भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम त्यामुळे कमी झाले नाही; ते बदलले आणि वाढले. अर्धांगवायूतून सावरणारा गृहस्थ, गुडघा बदललेली वृद्धा, अतिदक्षता विभागात छातीत कफ साठलेला रुग्ण, मेंदूच्या पक्षाघाताने जन्मतःच अधू असलेले मूल, खांदा निखळलेला कबड्डीपटू या सर्वांना त्याची गरज आहे. काम एवढे विविध असल्यामुळेच नेमणूक करणाऱ्याला समोरच्या नवपदवीधराने यांपैकी नेमके काय हाताळले आहे, हे कळणे अत्यावश्यक ठरते.

‘अनुभव : नाही’

एक उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. डिलाईल रोडवरील एखाद्या चाळीत वाढलेली मुलगी भौतिकोपचाराची पदवी घेते. नोकरीसाठी अर्ज करावयाचा म्हणून ती ओळखीच्या कोणाचा तरी तयार बायोडाटा मागून आणते आणि त्यातील नाव बदलते. पहिल्या परिच्छेदात ती ‘अत्यंत मेहनती, प्रामाणिक व संघभावनेने काम करणारी’ असल्याचे लिहिलेले असते. त्याखाली दहावीपासूनच्या गुणांचा तक्ता येतो. त्यानंतर छंद येतात. आणि ‘अनुभव’ या रकान्यात एकच शब्द असतो : ‘नाही’.

हा शब्द नम्रतेचा वाटतो, पण तो खरा नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ही पदवी आजवर घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींनी चार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता पूर्ण केलेली असते. त्याआधीही रुग्णालयातील विभागांतून त्यांना प्रत्यक्ष रुग्णांसमोर उभे केले जाते. जिने एवढा काळ रुग्णांच्या सांध्यांची हालचाल मोजली, त्यांना पलंगावरून उठविले, चालविले, धीर दिला, तिने ‘अनुभव नाही’ असे लिहिणे म्हणजे आपल्याच साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. विशेषणे कोणीही लिहू शकतो; केलेले काम मात्र ज्याने केले त्यालाच लिहिता येते. म्हणून परिचयपत्रातील सर्वांत मोठी जागा आंतरवासितेला मिळाली पाहिजे.

ती कशी लिहावी? विभाग, कालावधी, रुग्णांचा प्रकार आणि स्वतः केलेले काम, या चार गोष्टी प्रत्येक नोंदीत याव्यात. उदाहरणार्थ : ‘अस्थिरोग विभाग, सहा आठवडे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना पलंगावरील व्यायाम, वॉकर घेऊन चालणे व जिना चढणे-उतरणे वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकविले. गुडघ्याची हालचाल दररोज मोजून नोंदविली.’ या नोंदीत एकही विशेषण नाही. तरीही वाचणाऱ्याला कळते की या मुलीला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाजवळ उभे करता येईल. हेच तर त्याला जाणून घ्यावयाचे असते.

केले, मदत केली, पाहिले

या लेखनात तीन क्रियापदांचा भेद काटेकोरपणे पाळावयास हवा. जे स्वतःच्या हाताने केले त्यासाठी ‘केले’, जेथे वरिष्ठांना हातभार लावला तेथे ‘मदत केली’ आणि जेथे केवळ उभे राहून निरीक्षण केले तेथे ‘पाहिले’. नवपदवीधराला अशी भीती वाटते की ‘पाहिले’ असे लिहिले तर आपली किंमत कमी होईल. वस्तुस्थिती उलट आहे. ज्या कागदावर एक गोष्ट ‘पाहिली’ म्हणून प्रामाणिकपणे नोंदविली आहे, त्या कागदावरील ‘केले’ या शब्दावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

येथे प्रश्न केवळ नोकरीचा नाही. रुग्णाच्या शरीराचा आहे. अतिदक्षता विभागात केवळ दोन दिवस उभ्या राहिलेल्या मुलाने ‘अतिदक्षता विभागातील उपचारांत प्रावीण्य’ असे लिहिले, तर रात्रपाळीत त्याला एकट्याला तेथे पाठविले जाण्याचा संभव असतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला लुळा हात धरून ओढून उठविले, तर आधीच सैल पडलेल्या खांद्याला इजा होते. हाड जुळण्याआधी पायावर भार टाकू दिला, तर शस्त्रक्रिया वाया जाऊ शकते. कागदावरील एका फुगविलेल्या शब्दाची किंमत अशा वेळी लिहिणारा मोजत नाही. पलंगावर पडलेला माणूस मोजतो.

मोजमापाची भाषा

भौतिकोपचार हे मोजमापाचे शास्त्र आहे. सांधा किती अंश वाकतो ते गोनिओमीटरने मोजतात. स्नायूचे बल शून्य ते पाच या श्रेणीत लिहितात. वृद्धाचा तोल पाहण्यासाठी चौदा कृतींची बर्ग श्रेणी आहे व तिचे कमाल गुण ५६ आहेत. दम लागणाऱ्या रुग्णाची क्षमता तो सहा मिनिटांत किती अंतर चालतो यावरून ठरवितात. ‘रुग्ण तपासणीचे उत्तम ज्ञान’ असे मोघम लिहिण्यापेक्षा यांपैकी ज्या चाचण्या स्वतः आत्मविश्वासाने घेता येतात त्यांची नावे लिहावीत. विद्युत्-उपचाराची जी यंत्रे प्रत्यक्ष चालविली असतील तीही नावानिशी द्यावीत. मुलाखत घेणारा त्यांतीलच एखादी चाचणी करून दाखविण्यास सांगू शकतो. म्हणून जे दाखविता येईल तेवढेच लिहावे, हा नियम पुरेसा आहे.

किती रुग्ण हाताळले तो आकडा द्यावयाचा असेल, तर तो नोंदवहीतून घ्यावा. अंदाजाने गोल आकडा लिहू नये. ज्यांची आंतरवासिता अद्याप चालू आहे, त्यांनी आजपासूनच रोज संध्याकाळी पाच ओळींची टिपणे ठेवावीत. आज कोणत्या प्रकारचे रुग्ण पाहिले, काय केले, काय चुकले आणि वरिष्ठांनी काय सुधारले, हे त्यात असावे. रुग्णाचे नाव मात्र त्यात नसावे. सहा महिन्यांनंतर परिचयपत्र लिहावयास बसताना ही वही कोणत्याही तयार नमुन्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

चाळीने दिलेली विद्या

डिलाईल रोडच्या मुलामुलींपाशी आणखी एक ज्ञान असते, जे त्यांना ज्ञान वाटत नाही. मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात या रस्त्यावर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत तळमजला व त्यावर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, सामाईक शौचालय आणि उद्वाहनाचा अभाव अशी रचना होती. या चाळींचा पुनर्विकास आता म्हाडामार्फत होत आहे. पण अशा जागेत राहणारी हजारो वृद्ध माणसे मुंबईच्या इतर भागांत आजही आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजीचा गुडघा बदलला, तर तिच्यापुढील पहिला प्रश्न व्यायामाच्या तक्त्याचा नसतो. घरी वर कसे जावयाचे आणि शौचालयापर्यंत कसे पोहोचावयाचे, हा तिचा प्रश्न असतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम पुस्तकात असतो. अरुंद जिन्याचा कठडा कोणत्या बाजूला आहे, उकिडवे बसणे टाळण्यासाठी खुर्चीची सोय कोठे होईल आणि एकाच खोलीत पाच माणसे असताना व्यायामासाठी जमिनीवर जागा केव्हा मोकळी मिळेल, हे मात्र तेथे राहिलेल्यालाच सुचते.

अशा मुलीने आंतरवासितेत अथवा शेजारधर्म म्हणून वरिष्ठांच्या सल्ल्याने कोणाला घरी जाऊन व्यायाम शिकविले असतील, तर ‘गृहभेटी’ असे स्वतंत्र शीर्षक देऊन ते लिहावे. आपल्याला येणाऱ्या भाषाही लिहाव्यात, पण केवळ नावे देऊन थांबू नये. ‘मराठी व हिंदीतून रुग्णाला व कुटुंबीयांना व्यायाम समजावून सांगू शकते’ हे वाक्य छंदांच्या यादीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. रुग्णाला न कळलेला व्यायाम हा न केलेलाच व्यायाम होय.

पानाची मांडणी

नवपदवीधराचे परिचयपत्र एका पानाचे असावे. फार तर दोन. सर्वांत वर पूर्ण नाव, दूरध्वनी, साधा व गंभीर वाटेल असा ई-मेल पत्ता आणि राहण्याचा भाग. त्याखाली लगेच राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक. २००२ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी स्वतंत्र राज्य परिषद आहे आणि व्यवसायासाठी तिच्याकडील नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीचा अर्ज विचाराधीन असेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्यानंतर दोन-तीन ओळींत आपण कोण व कोणत्या प्रकारचे काम शोधत आहोत ते सांगावे. मग शिक्षण, त्यानंतर सविस्तर आंतरवासिता, मग अंतिम वर्षाचा प्रकल्प आणि शेवटी ज्यांचा कामाशी थेट संबंध आहे तेवढेच लघु अभ्यासक्रम. प्रकल्पाचा विषय, किती व्यक्तींची पाहणी केली आणि निष्कर्ष काय निघाला, हे दोन ओळींत सांगता आले पाहिजे. ज्यांनी प्रत्यक्ष काम पाहिले आहे अशा दोन शिक्षकांची नावे त्यांची परवानगी घेऊनच द्यावीत.

एकच कागद सर्वत्र पाठविणे हे आळसाचे लक्षण ठरते. मोठ्या रुग्णालयासाठी छातीचे उपचार व शस्त्रक्रियेनंतरचे काम वर यावे. विशेष मुलांच्या शाळेसाठी बालविभागातील काम वर यावे. क्रीडा संघासाठी मैदानावरील काम वर यावे. माहिती तीच राहते. तिचा क्रम बदलतो.

खाजगी रुग्णालयांसाठी परिचयपत्र बहुधा इंग्रजीत लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी त्यामुळे बिचकून जाऊ नये. प्रत्येक नोंद आधी मराठीत, आईला सांगावी तशी लिहावी आणि मग साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत मांडावी. उसन्या भारदस्त वाक्यांपेक्षा ती अधिक स्वच्छ उतरते. शेवटी दुसऱ्या कोणाकडून तरी शुद्धलेखन तपासून घ्यावे.

काय लिहू नये

उंची, वजन, वैवाहिक स्थिती, धर्म, वडिलांचे उत्पन्न यांचा या कामाशी संबंध नाही; विहित नमुन्यात मागितले असेल तरच द्यावे. रुग्णाचे नाव, छायाचित्र अथवा ज्यावरून तो ओळखू येईल असा तपशील कधीही देऊ नये. रुग्णाने दाखविलेला विश्वास हा आपल्या जाहिरातीचा ऐवज नव्हे. एखाद्या वर्षी परीक्षेत अपयश आले असेल, तर ते लपविण्यासाठी वर्षे बदलू नयेत. प्रमाणपत्रांवरील तारखा बोलक्या असतात. मुलाखतीत विचारले तर सरळ उत्तर द्यावे आणि त्यानंतर काय केले ते सांगावे.

शासकीय पदासाठी अर्ज

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघर येथून झाला व त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, आणि समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या शाळकरी मुलांसाठी उपचारांची तरतूद आहे. या सर्व ठिकाणी भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम लागते. म्हणून मुंबईच्या पदवीधराने आपली दृष्टी दादर-परळपुरती मर्यादित ठेवू नये.

मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवावा. खाजगी संस्थेत परिचयपत्र हाच अर्ज असतो. शासकीय भरतीत जाहिरातीतील विहित नमुना हा अर्ज असतो. तेथे सुंदर परिचयपत्र जोडूनही एखादे प्रमाणपत्र राहिले, तर अर्ज बाद होऊ शकतो. जाहिरात पेन्सिल हाती घेऊन दोनदा वाचावी. पदवी, गुणपत्रिका, आंतरवासिता पूर्ण केल्याचा दाखला, परिषदेची नोंदणी, अधिवास आणि लागू असल्यास जातीविषयक कागदपत्रे यांची यादी करून एकेक बाब तपासावी. पद कंत्राटी आहे की नियमित, हेही आधीच पाहून घ्यावे.

दाखला देणाऱ्यांची जबाबदारी

आतापर्यंतचे सांगणे अर्जदारासाठी होते. पण खऱ्या परिचयपत्राला खरा दाखला लागतो आणि तो देणे ज्येष्ठांच्या हाती आहे. गावात आरोग्य शिबिर होते, आंतरवासितेतील मुले दिवसभर राबतात आणि संध्याकाळी त्यांना ‘उत्कृष्ट कार्याबद्दल’ असे छापील प्रमाणपत्र मिळते. त्यावरून पुढे कोणालाही काहीच कळत नाही. त्याऐवजी ग्रामपंचायतीने, मुख्याध्यापकांनी अथवा आरोग्य अधिकाऱ्यांनी चार ओळी लिहाव्यात : शिबिर कोणत्या तारखेस व कोठे झाले, ही व्यक्ती किती दिवस उपस्थित होती, तिने कोणते काम केले. एवढ्याने त्या कागदाला वजन येते. तसेच ज्याने काम केले नाही त्याला ओळखीखातर दाखला देणे म्हणजे जुन्या जॉबरची गादी पुन्हा चालविणे होय. त्यात काम केलेल्या मुलाचा हक्क जातो.

नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ‘किती वर्षांचा अनुभव’ एवढ्यावरच न थांबता ‘कोणते रुग्ण हाताळले, त्यांना काय शिकविले, कोठे अडचण आली’ असे विचारावे. असे प्रश्न विचारले जातात हे कळले, की मुलेही आपोआप तशीच परिचयपत्रे लिहू लागतील.

भौतिकोपचाराचे काम सावकाश दिसणारे आहे. आज बोट हलले, आठ दिवसांनी मूठ वळली, महिन्याने माणूस भिंतीला धरून उभा राहिला. उपचार करणारा या प्रत्येक पायरीची खरी नोंद ठेवतो. न झालेली प्रगती तो झाली म्हणून लिहीत नाही, कारण पुढील उपचार त्या नोंदीवर ठरतो. हाच नियम स्वतःविषयी लिहितानाही पाळावा. जे केले ते स्पष्ट लिहावे, जे अजून शिकावयाचे आहे ते मोकळेपणाने सांगावे. असा कागद घेऊन डिलाईल रोडवरून निघालेल्या मुलामुलींना कोणाच्या शब्दाची वाट पाहावी लागणार नाही.